पैकीच्या पैकी

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला, पडद्याजवळ तोंड नेऊन प्रश्न पुन्हा एकदा वाचला आणि तिसऱ्या पर्यायावर टिचकी मारली. हिरवी खूण उमटली. त्या स्वतःशीच हसल्या.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान, डॉक्टर, झोपले होते. पोटावर वर्तमानपत्र, हनुवटी छातीला टेकलेली. परीक्षा त्यांची होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांचेच नाव आणि नोंदणी क्रमांक झळकत होता.

मेडिकल कौन्सिलचा नियम होता की प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत तीस तासांचे नवे शिक्षण घेतल्याचा दाखला द्यायचा. नाही दिला तर नोंदणीचे नूतनीकरण नाही, आणि नोंदणी नाही तर दवाखाना नाही. पूर्वी हे सोपे होते. एखाद्या सभागृहात व्याख्याने असत. डॉक्टर जात, सही करत, मागच्या रांगेत जुने मित्र भेटत, जेवण होई आणि संध्याकाळी दाखला घेऊन ते घरी येत. मग सगळे कॉम्प्युटरवर आले. आधी धडा वाचायचा, मग प्रश्न सोडवायचे.

"तू वाच, मी उत्तरं सांगतो," डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले होते, आणि त्यांनी खरेच सांगितली होती. दुसऱ्या वर्षी ते चौथ्या-पाचव्या प्रश्नाला पेंगू लागले. हळूहळू ते नुसते सोबतीला बसू लागले. सकाळपासून पन्नास पेशंट तपासून थकलेला माणूस, त्याला कशाला उठवायचे, असे बाईंना वाटे. शिवाय त्यांना ते आवडू लागले होते. एकतीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला वाचायला काहीतरी नेटके मिळाले होते. त्या वहीत टिपणे काढत. अवघड शब्द अधोरेखित करत. शाळेत त्यांनी कॉपी करणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभे केले होते, ते कधीमधी आठवे. पण ही काही कॉपी नव्हे, ही मदत आहे, असे म्हणून त्या पुढच्या प्रश्नाकडे वळत.

चौदावा प्रश्न असा होता: वय बहात्तर, स्त्री, बरीच वर्षे मधुमेह, मूत्रपिंडाचे काम मंदावलेले. साखरेची जुन्या पिढीतली गोळी रोज सकाळी घेते. तुम्ही काय कराल?

बंद करून दुसरे औषध देऊ, हे बरोबर उत्तर होते. खाली खुलासा होता. म्हाताऱ्या शरीरातून ही गोळी लवकर बाहेर पडत नाही. जेवण थोडे चुकले तरी साखर एकदम खाली जाते. ग्लुकोज दिल्यावर पेशंट शुद्धीवर येतो, पण काही तासांनी पुन्हा घसरतो. म्हणून अशा पेशंटला घरी पाठवू नये, एक-दोन दिवस दाखल करून ठेवावे.

वाचता वाचता बाईंना टेलरमावशी आठवल्या. त्याच वयाच्या, आणि वर्षभरापूर्वी डॉक्टरांनीच त्यांच्या रिपोर्टवर बोट ठेवून "किडनी जरा दमलीये" असे म्हटले होते. गोळी तीच होती. छोट्या पाकिटात भरून, वर "सकाळी एक" असे लिहून बाईच ती त्यांना दवाखान्यातून देत.

डॉक्टरांना विचारायला हवे, असे त्यांच्या मनात आले. तेवढ्यात पंधरावा प्रश्न पडद्यावर आला होता.

शेवटी निकाल दिसला. वीसपैकी वीस. डॉक्टर जागे झाले.

"झालं का?"

"झालं. पैकीच्या पैकी."

"वा! म्हणजे मी अजून हुशार आहे तर."

दोघेही हसले. बाई चहा ठेवायला उठल्या. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे बघत असताना ती गोळी पुन्हा एकदा डोक्यात आली. पण लग्नानंतर लगेचच त्यांनी एका पेशंटच्या औषधाबद्दल काहीतरी सुचवले होते, तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले होते, "मी तुझ्या वर्गात येतो का शिकवायला?" त्यानंतर बाई त्या वाटेला गेल्या नव्हत्या. डॉक्टरांना माहीतच असेल, त्यांनी विचार करूनच दिली असेल, असे म्हणत त्यांनी चहा गाळला.

त्याच शनिवारी त्यांनी टेलरमावशींचे पाकीट भरले. तीस गोळ्या. सकाळी एक.

*

चार महिन्यांनी एका सकाळी मावशींची सून धावत दवाखान्यात आली. केस मोकळे, एका पायात चप्पल.

"डॉक्टर, आई इस्त्री करताना पडल्या! काहीतरी भलतंच बोलतायत. हात भाजलाय. तुम्ही चला, लगेच चला!"

डॉक्टर बॅग घेऊन निघाले आणि पेशंट खोळंबले होते तरी बाईही मागोमाग गेल्या. मावशींचे घर चौथ्या गल्लीत, पुढच्या खोलीत शिवणयंत्र. शाळेचे गणवेश इस्त्री करून एका टोकाला रचलेले होते. मावशी जमिनीवर घामाने निथळत पडल्या होत्या आणि कुणालातरी माप सांगत होत्या. "छत्तीस... नाही, बाही आखूड... छत्तीस." उजवा तळवा लालभडक, मध्ये पांढरा पडलेला. गरम इस्त्रीवर तो हात किती वेळ राहिला होता कुणास ठाऊक. जळक्या कापडाचा वास खोलीभर होता.

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली. साखर चौतीस. त्यांचे हात अशा वेळी कधी थरथरत नसत. शीर सापडली, ग्लुकोज गेले, आणि पाचेक मिनिटांत मावशींनी डोळे नीट उघडले.

"डॉक्टर, तुम्ही इथं कसे?" त्या म्हणाल्या, आणि मग हाताकडे बघून कण्हल्या.

सुनेला रडू फुटले. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आता चिंता नाही. हात मी बांधून देतो. यांना गोड काहीतरी द्या, पोटभर जेवू घाला, झोपू द्या. औषधांचं उद्या बघू."

बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

"घरी नका ठेवू यांना."

डॉक्टरांनी मान वर केली.

"साखर पुन्हा उतरेल," बाई म्हणाल्या. "काही तासांनी. हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं. दोन दिवस तरी."

डॉक्टर बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढले आणि हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. बाईंनी ती पलीकडून वाचली. साखर किती होती ते लिहिले होते, ग्लुकोज किती दिले ते लिहिले होते, हाताचेही लिहिले होते. गोळीचे नाव लिहिलेले नव्हते.

साखर खरेच दोनदा उतरली. एकदा त्याच दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. सून दवाखान्यात सांगायला आली तेव्हा तिने बाईंचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही बोललात म्हणून, बाई. नाहीतर घरात झोपल्याझोपल्याच..."

बाईंना आपले हात सोडवून घ्यावेसे वाटले.

त्या संध्याकाळी पेशंट संपल्यावर डॉक्टर तपासणीच्या टेबलापाशी बसून राहिले. बाई कपाटाला कुलूप लावत होत्या.

"अगं," ते म्हणाले, "तुला कसं कळलं?"

बाईंनी किल्ली फिरवली, काढली, पुन्हा घातली.

"तुमच्या परीक्षेत होतं."

"केव्हा?"

"चार महिने झाले. चौदावा प्रश्न."

डॉक्टरांनी टेबलावरचा रक्तदाबाचा पट्टा उचलून गुंडाळायला सुरुवात केली. तो आधीच गुंडाळलेला होता.

"मी काय उत्तर दिलं होतं?"

"बरोबर."

डॉक्टर रागावतील, निदान "मला तेव्हाच का नाही सांगितलंस" असे विचारतील, म्हणून बाई वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते. डॉक्टर उठले, हात धुतले, बराच वेळ धूत राहिले, आणि आत जाऊन जेवायला बसले.

*

पुढचे तीन आठवडे घरात माणसे होती आणि बोलणे नव्हते. डॉक्टर दवाखाना लवकर बंद करू लागले. बाई वाचायला बसत, पण पान उलटत नसे. भाजी चिरताना त्यांची सुरी मध्येच थांबे. चूल पेटवताना, बाजारात पिशवी धरताना, आंघोळीला पाणी काढताना प्रत्येक वेळी त्यांना स्वतःचा उजवा तळवा दिसे, धडधाकट, रेघांसकट. मावशींच्या तळव्यावर कातडी लावली होती असे कानावर आले. त्या घरी आल्याचेही कळले. बाईंनी दोनदा पायात चपला घातल्या आणि दोनदा काढल्या.

शेवटी एका सकाळी त्या गेल्याच.

मावशी खिडकीशी बसल्या होत्या. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. पट्टीतून बाहेर आलेली बोटे सुजलेली आणि चकचकीत दिसत होती.

"या, बाई. बसा. चहा मात्र सूनबाईच्या हातचा हं, माझ्या हाताला सध्या सुट्टी आहे."

"हात कसा आहे?"

"ही दोन मिटत नाहीत. व्यायाम सांगितलाय. कात्री धरता येईल का म्हणून विचारलं, तर म्हणे बघू. डॉक्टर लोकांचं 'बघू' म्हणजे काय ते आपल्याला कळतंच की." त्या हसल्या. "तुम्ही का रडताय? हात माझा आहे."

बाईंनी डोळे पुसले. रस्ताभर घोकत आणलेली वाक्ये उलटसुलट होऊन बाहेर आली. गोळी, परीक्षा, चौदावा प्रश्न, चहा, पाकीट. "मला माहीत होतं, मावशी," एवढेच शेवटी नीट म्हणता आले. "त्यांना नव्हतं. मला होतं. आणि तरी मीच तुम्हाला भरून दिली."

मावशींनी सुनेचा आवाज कुठून येतो याचा कानोसा घेतला. ती मागे कपडे वाळत घालत होती. मग त्यांनी डाव्या हाताने उशीच्या अभ्र्यात चाचपले आणि एक चुरगळलेले कागदी पाकीट बाहेर काढले. सकाळी एक. वळणदार, शाळेतल्या फळ्यावरचे असावे तसे अक्षर.

"हॉस्पिटलात पाकिटातली एक गोळी काढून दाखवली, तर त्या मोठ्या डॉक्टरनं विचारलं, ही गोळी आजकाल कोण देतं? ज्या आवाजात विचारलं ना, बाई, त्या आवाजात आपल्या डॉक्टरांचं नाव घ्यावंसं वाटेना. मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांनी केव्हाच बंद केली होती, मीच आपली जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणत होते. हे तेवढं लपवून ठेवलं. तुमचं अक्षर कुणीही ओळखेल. निम्म्या गावाला तुम्हीच शिकवलंय."

बाईंनी पाकिटावरच्या आपल्या अक्षराकडे पाहिले.

"ह्यांच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टर रोज येऊन बसायचे," मावशी म्हणाल्या. ह्यांच्या, म्हणजे त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या. "औषध काही उरलं नव्हतं तरी यायचे. नुसतं बसायचे. ते पुस्तकात नसतं. घ्या हे, आणि चुलीत टाका. झालं गेलं."

"असं नका करू, मावशी."

"केलं की आता. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलंय त्यांनी."

पाकीट हातात घेऊन बाई उठल्या. मागच्या दाराशी सून भेटली. रिकामी बादली कमरेवर होती, चेहरा दमलेला.

"बाई, बरं झालं आलात. तुम्ही तरी समजवा यांना. डॉक्टरांनी बंद केलेली गोळी मनानं खात होत्या! आता मी सगळी औषधं कुलपात ठेवते. यांचे चिरंजीव तर बोलायचेच बंद झालेत आईशी. म्हणतात, तुझ्या हट्टापायी आमचा जीव टांगणीला लागला. एवढ्या शहाण्या बाईनं असं वागावं?"

आतून मावशी मोठ्याने म्हणाल्या, "जाऊ द्या बाईंना. त्यांना कामं आहेत."

बाईंना पायरी दिसत होती. पायरीपलीकडे रस्ता होता. एक "हो" म्हटले असते, किंवा नुसती मान हलवली असती, तरी पुरले असते. कौन्सिलचा नूतनीकरणाचा फॉर्म घरी टेबलावर पडला होता. डॉक्टरांची सही तेवढी बाकी होती. ही सून शेजारणीला सांगेल, शेजारीण बाजारात. बेचाळीस वर्षांचे नाव दोन दिवसांत कुठच्या कुठे जाईल. आणि नाव आपले नव्हे, त्यांचे. ते पुसायचा अधिकार आपल्याला आहे का, हेही त्यांना कळेना.

त्यांनी मूठ उघडली.

"त्या मनानं खात नव्हत्या," बाई म्हणाल्या. "गोळी आमच्याच दवाखान्यातली. हे माझं अक्षर. डॉक्टरांनी ती कधीच बंद केली नव्हती. करायला हवी होती, ते मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही. तुझ्या सासूनं आम्हाला झाकलं."

सुनेने बादली खाली ठेवली. पाकीट घेऊन वाचले, उलटून पाहिले. ओरडेल, आता नवऱ्याला हाक मारेल, म्हणून बाई ताठ उभ्या राहिल्या. निदान आता तरी कुणीतरी रागवावे.

"बाई," सून हळूच म्हणाली, "माझे बाबा पण तुमच्याकडेच येतात."

बाईंना आधी समजले नाही.

"साखरेसाठी. पंधरा वर्षं झाली. त्यांना कुठली गोळी आहे?"

उन्हात वाळत घातलेल्या चादरीतून पाणी ठिबकत होते. तीन आठवडे. तीन आठवडे आपण आपला तळवा बघत बसलो. रडलो, चपला घातल्या, काढल्या. आणि कपाटात त्या गोळ्यांचा अख्खा डबा होता. दर शनिवारी आणखी कुणाकुणाची पाकिटे आपण भरत होतो, ते एकदाही मनात आले नाही.

"वय किती त्यांचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"किडनीचं काही...?"

"मागच्या वर्षी थोडं आलं होतं रिपोर्टात."

"जेवण वेळेवर असतं?"

"एकटेच असतात ना. कधी जेवतात, कधी नाही."

"चल," बाई म्हणाल्या.

त्या इतक्या भराभर कधी चालल्या नव्हत्या. सून पुढे, त्या मागे. कुणीतरी "बाई, सकाळी सकाळी कुठे?" म्हणून विचारले, त्याला उत्तर दिले गेले नाही. दोन गल्ल्या, एक वळण, गिरणीच्या मागची चाळ. जिना चढताना बाईंना धाप लागली. सुनेने दार ठोठावले. आत शांतता. तिने पुन्हा, दोन्ही हातांनी ठोठावले.

"अगं, येतोय! दार मोडायचं आहे का?" आतून खणखणीत आवाज आला, आणि सून भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

म्हातारबुवांनी दार उघडले. दाढीचा फेस अर्ध्या गालावर तसाच. मुलीला जमिनीवर बसलेली आणि डॉक्टरांच्या बायकोला धापा टाकताना बघून ते गोंधळले.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. तुमच्या गोळ्या बघायच्यात," बाई म्हणाल्या.

त्यांनी खिडकीतला पत्र्याचा डबा आणून दिला. रक्तदाबाचे पाकीट होते, झोपेचे होते. त्याखाली तिसरे. सकाळी एक. बाईंनी ते उघडून तळहातावर ओतले आणि गोळीवर कोरलेले अक्षर चष्म्याजवळ नेऊन वाचले. तीच गोळी.

"आजची घेतलीत?"

"अजून नाही. दाढी झाली की चहा, चहाबरोबर गोळी."

"घेऊ नका. आधी पोटभर खा. डॉक्टर स्वतः येतील, तपासतील, दुसरं औषध देतील."

म्हातारबुवांनी भुवई उंचावली. फेस त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होता.

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीये का?"

बाईंनी गोळ्या एकेक करून पुन्हा पाकिटात भरल्या आणि पाकीट स्वतःच्या पिशवीत टाकले.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "तेच त्यांना सांगायला निघालेय."